फोल्डरच्या दारात 'नाही' कसं म्हणायचं

आमच्या तंजावूरच्या घरात दारी आलेल्याला 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. भाजी घ्यायची नसली तर आई भाजीवालीला म्हणायची, "जाऊन ये मा, उद्या पाहू." वर्गणी मागायला आलेल्यांनाही तेच, "जाऊन या." डब्यातले तांदूळ संपले तरी 'संपले' म्हणायचं नाही, 'आणायला हवेत' म्हणायचं. मला स्थळं सांगून यायची तेव्हाही आईनं एकालाही नकार दिला नाही. ती नुसतं "जाऊन या" म्हणायची, आणि समजूतदार माणसं परत येत नसत. एक मात्र खरोखरच जाऊन परत आला. त्याच्याशी माझं लग्न झालं.

अशा घरात वाढलेल्या मुलीनं पुढं आयुष्यभर नोकरी केली ती माणसांना 'नाही' म्हणण्याची. आमच्या गावातल्या एका खासगी कॉलेजात मी फाइल सर्व्हर सांभाळत होते. आता निवृत्त आहे. नातीच्या मैत्रिणी मला 'सर्व्हर पाट्टी' म्हणतात. पाट्टी म्हणजे आजी. संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा त्यांना बहुधा देऊळ, राजवाडा, निदान वीणेचा एखादा कारखाना अपेक्षित असावा. मी फोल्डरबद्दल लिहीन म्हटल्यावर फोनवर त्यांनी 'फोल्डर?' असं दोनदा विचारलं. मग म्हणाले, "लिहा की." हेही आमच्या 'जाऊन या'सारखंच असावं, पण मीही नवऱ्याच्या वळणावर गेलेली, तेव्हा लिहितेच. देवनागरी मी शाळेत संस्कृतच्या तासाला शिकले आणि मराठी घरची आहे. दोन्ही गोड मानून घ्या.

फाइल सर्व्हर म्हणजे एका खोलीत ठेवलेलं सगळ्या कॉलेजचं मोठं कपाट. ग्रंथालय, हिशेब, वसतिगृह, परीक्षा, प्रत्येकाचा त्यात एक कप्पा. त्याला फोल्डर म्हणायचं. कुणीही आपल्या टेबलावरच्या संगणकावरून तो उघडावा, कागद ठेवावा, काढावा. बरीच वर्षं ह्या कप्प्यांना कुलपं नव्हती. मग एके दिवशी कुणाचं तरी बोट माउसवर जरा जड पडलं आणि परीक्षेचं सगळं वेळापत्रक घसरत जाऊन कँटीनच्या फोल्डरात पडलं. दोन दिवस आम्ही ते शोधत होतो. सापडलं तेव्हा ते पोंगल आणि वड्यांच्या दरपत्रकाशेजारी सुखात होतं.

प्रिन्सिपलनी मला बोलावून सांगितलं, "उद्यापासून सगळं बंद. ज्याचा फोल्डर त्यानं मेलवर हो म्हटल्याशिवाय कुणालाही उघडायचं नाही. तुम्हीसुद्धा स्वतःच्या मनानं उघडायचं नाही."

म्हणजे चावी माझ्याकडे आणि हक्क दुसऱ्याकडे. मला राग आला. तेव्हा मी अवघी बावन्न वर्षांची पोर होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

परीक्षा विभागाचा फोल्डर किट्टू सारांकडे होता. सार म्हणजे सर. खरं नाव कृष्णाराव. आमच्यासारखंच तंजावूरचं जुनं मराठी घराणं, पण राहायचे पापनाशमला. रोज सकाळच्या गाडीनं यायचे, बगलेत छत्री, हातात दहीभाताचा डबा. त्यांच्याकडे कुणी काही मागायला गेलं की ते दोन प्रश्न विचारायचे: कशाला हवं? किती वेळ हवं? प्रिन्सिपलनाही हेच विचारायचे. मला ते फार खाष्ट वाटायचे. माझ्याशी मराठी बोलतात एवढाच काय तो त्यांचा गुण मी मान्य केला होता.

कुलपं लागली आणि पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. बंद फोल्डर उघडायला गेलं की सर्व्हर आपल्या ठरलेल्या इंग्रजीत सांगायचा, तुम्हाला परवानगी नाही. ना नमस्कार, ना कारण. ग्रंथालयातल्या राजम मॅडम दुपारी हातात पर्स, डबा आणि टेबलावरची देवाची तसबीर घेऊन माझ्या खोलीत आल्या. वीस वर्षांची नोकरी गेली अशी त्यांची खात्री झाली होती. "तोंडावर सांगायला प्रिन्सिपलना काय झालं होतं?" एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. त्यांना पाणी दिलं, तसबीर परत टेबलावर ठेवायला लावली, आणि ठरवलं की ह्या यंत्राला बोलायला शिकवायला हवं.

शोधता शोधता मला त्या सर्व्हरमध्येच एक सोय सापडली. मला ती अजूनही फार शहाणपणाची वाटते. दार बंद असलं की त्याच्यावर काय लिहून यावं ते आपण आपल्या शब्दांत ठरवायचं. खाली एक बटण असतं, मदत मागण्याचं. ते दाबलं की एक चौकट उघडते, तिच्यात आपलं कारण लिहायचं, आणि ते थेट फोल्डरच्या मालकाला मेलनं जातं, एक प्रत सर्व्हर सांभाळणाऱ्याला. नुसतं कुलूप सगळेच करतात. कुलपावर घंटा लावायचं ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार.

ही घंटा लावणं म्हणजे बरंच पोस्टमनचं काम आहे. मेल कोणत्या यंत्रामार्फत जाणार त्याचं नाव द्यायचं, मेल कुणाच्या नावानं निघणार ते सांगायचं, माझा पत्ता द्यायचा, प्रत्येक फोल्डरवर त्याच्या मालकाचा पत्ता चिकटवायचा आणि मग चाचणीची मेल पाठवून पाहायची. माझी चाचणीची मेल आलीच नाही. दोन दिवस मी जंग जंग पछाडलं. मेल माझ्याच डब्यात, लॉटरी लागल्याच्या निरोपांसोबत कचऱ्यात जाऊन पडली होती.

त्याहून मोठा पराक्रम पुढं आहे. दारावरच्या मजकुरात चौकोनी कंसात काही ठरलेले इंग्रजी शब्द ठेवायचे असतात. त्यांच्या जागी सर्व्हर आपण होऊन खरा पत्ता भरतो. मी मोठ्या कौतुकानं सगळा मजकूर इंग्रजीसोबत तमिळमध्येही केला, आणि त्या भरात कंसातले शब्दही भाषांतरित करून टाकले. सर्व्हरला तमिळ कुठून येणार. दुसऱ्या दिवशी किट्टू सार शांतपणे दारात उभे.

"गोदाबाई, पडद्यावर लिहून येतंय की 'फोल्डर मालक पत्ता' ह्यांना विचारा. हे कोण ओ? कुठल्या गावचे?"

कंसातली ती ओळच मी काढून टाकली. बाकी मजकुराला मात्र हात लावला नाही, कारण त्याचा मला फार अभिमान होता. दारात आलेल्याला 'नाही' कसं म्हणायचं? म्हणून मी तमिळ आणि इंग्रजी, दोन्हीत लिहिलं होतं: "नमस्कार. कृपया थोडं थांबावं. आपण आल्याची वर्दी आत दिली जाईल." बटणाचा उल्लेख केला नव्हता. मोठमोठ्या प्राध्यापकांना 'बटण दाबा' असं फर्मावणं मला उद्धट वाटलं. ते खाली दिसतंच आहे की, असं मी म्हणायची.

किट्टू सारांनी चष्मा वर करून ते वाचलं. "सुंदर लिहिलंत. आमची आई बोलायची तसंच आहे. पण समोरच्यानं करायचं काय, ते कुठंय?"

मला वाटलं, जळतात. आपल्याला असं सुचलं नाही म्हणून.

पुढचे दोन महिने फारच सुखात गेले. मेल जवळजवळ येतच नव्हत्या. ज्या येत त्या विचित्र माणसांच्या. पदार्थविज्ञानाच्या प्रमुखांनी प्रिन्सिपलचा फोल्डर मागितला आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, "कुतूहल." वसतिगृहाच्या वॉर्डनबाई रोज कुठला तरी बंद फोल्डर उघडून बटण दाबायच्या आणि लिहायच्या, "माउस चालत नाही, जमलं तर येऊन जा." बाकी सगळं गप्प. मी प्रिन्सिपलना जाऊन सांगितलं, "एकाचीही तक्रार नाही, सार. लोकांना इतकं सवयीचं झालंय." ते खूश झाले. मी तर इतकी खूश झाले की त्या दिवशी घरी गोड केलं.

आणि मग कविताचा दिवस उजाडला.

कविता आमच्याकडे नवीन आली होती. प्राणिशास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी तात्पुरती. वडील पापनाशमच्या पुढच्या एका खेड्यात शेती करायचे, आणि ही घरातली पहिलीच मुलगी कॉलेजात शिकवणारी. मी दुपारी डबा खाऊन स्टाफरूमवरून जात होते, तर ही संगणकासमोर ताठ बसलेली, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी. पडद्यावर माझा नमस्कार.

"काय करते आहेस गं?" मी तमिळमध्ये विचारलं. आमचं बोलणं तमिळमध्येच झालं, इथं मराठीत देते.

"थांबलेय मॅडम."

"कशाला?"

"थांबावं म्हटलंय ना." तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "सकाळपासून थांबलेय. आत वर्दी देतो म्हणाले."

"आणि जेवण?"

"जेवायला गेले आणि तेवढ्यात बोलावलं तर?"

मी शेजारची खुर्ची ओढून बसले. सकाळपासून ही पोर माझ्या सौजन्यापुढं हात जोडून बसली होती, आणि आत वर्दी वगैरे काही गेलेलीच नव्हती, कारण बटण दाबल्याशिवाय ती जात नाही. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, दोन महिने सगळ्यांनीच असं केलं होतं. थोडा वेळ भक्तिभावानं थांबायचं आणि मग ज्याचा फोल्डर उघडतो अशा मित्राकडून पेनड्राइव्हवर फाइल आणायची. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी शिव्या घालून दार तरी बडवलं असतं. आमच्याकडे मी मर्यादेनं लिहिलं आणि ते मर्यादेनं थांबले.

पण कविताला इथं मित्र नव्हता. आणि तिचं काम पेनड्राइव्हवर भागणारंही नव्हतं, कारण परीक्षेचा फोल्डर किट्टू सारांशिवाय कुणाकडेच उघडत नव्हता. तिच्या वर्गाचे अंतर्गत गुण परीक्षेच्या फोल्डरात होते. ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरायचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला ते बंद होणार. गुण गेले नाहीत तर अख्ख्या वर्गाच्या नावापुढं शून्य, आणि तात्पुरत्या बाईंना पुढच्या सत्रात कोण ठेवतो?

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "उशीर झालाय का?"

मी तिच्याकडून बटण दाबून घेतलं. मेल गेली किट्टू सारांना. आणि किट्टू सार रजेवर होते. पापनाशमला, आईच्या श्राद्धासाठी.

त्यांच्याकडे तेव्हा साधा फोन होता, मेल न दिसणारा. मी फोन लावला. त्यांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी उचलला. मागं भटजींचा आवाज येत होता.

"गोदाबाई का? अत्ता पिंडांवर बसलेत ओ ते. उठवता येणार नाही. थोडं थांबा मा."

थोडं थांबा. किती गोड बोलल्या त्या. मी फोन हातात धरून माझ्या खोलीत उभी होते आणि काय करावं ते सुचत नव्हतं. किती थांबायचं? त्या सांगतील का? सांगायच्या विसरल्या तर? परत फोन करावा की वाईट दिसेल? जे मी दोन महिने सगळ्या कॉलेजला वाढत होते, त्याची चव त्या दुपारी मला कळली.

कविता दारात उभी होती. "मॅडम, चावी तुमच्याकडेच असते म्हणतात. तुम्हीच उघडा ना."

उघडता आलं असतं. एक नाव घालायचं, एक खूण करायची, झालं. हात जवळजवळ गेलाही होता. माझ्या तत्त्वनिष्ठेनं मी थांबले असं लिहिलं तर छान दिसेल. खरं म्हणजे मी किट्टू सारांना घाबरले. ते उद्या येऊन विचारतील, कशाला उघडलं? किती वेळ? आणि त्यांच्याकडं मान वर करून पाहता येणार नाही, ह्या भीतीनं मी हात मागं घेतला. आणि मग घड्याळाकडं बघत दोघी बसलो.

तीन वाजून गेल्यावर त्यांचा फोन आला.

"काय झालं ओ?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "फोन त्या बाईंना द्या."

कविता उभी राहून बोलली. मला पलीकडचे प्रश्न ऐकू आले नाहीत, पण उत्तरांवरून ते कळलेच. "गुण भरायला, सार." मग, "पाचपर्यंत, सार." मग आणखी काहीतरी त्यांनी विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "नाही जेवले, सार. जेवते." फोन परत माझ्याकडे आला.

"गोदाबाई, त्यांना दोन घास खायला लावा. मी मेल करून हो म्हणतो. फोनवर 'हो' मी नव्हे, कुणीही म्हणेल."

"मेल कुठून करणार ओ तुम्ही?"

"बसस्टँडपाशी ब्राउझिंग सेंटर आहे. जाऊन येतो."

मागून सुंदराबाईंचा आवाज आला, "अहो, पान मांडलंय की, सकाळपासून उपाशी आहात, पोटात थेंब नाही." श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मण जेवून उठेपर्यंत यजमान जेवत नाही, हे वाचकांना ठाऊक असेलच. ते काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मोपेड सुरू झाल्याचं मात्र ऐकू आलं. फोन ठेवायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मेल आली. एकच ओळ होती: "ह्यांना आज संध्याकाळी पाचपर्यंत वाचायला द्यावं." ह्या माणसाला मी खाष्ट म्हणत होते.

मी कविताचं नाव घातलं. तिनं फोल्डर उघडला. पडद्यावर: नमस्कार, कृपया थोडं थांबावं.

ती रडायच्या बेतात आली आणि मी हसायच्या. नवी परवानगी मिळाली तरी संगणकातून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, तोवर त्याला ती कळत नाही. इतकी वर्षं ह्या धंद्यात, आणि त्या घाईत मी तेवढंच विसरले. "जाऊन ये गं," मी म्हटलं. ती बाहेर पडली, परत आत आली, आणि दार उघडलं. मी तिच्या शेजारी बसून आकडे वाचत गेले, ती भरत गेली. शेवटचा विद्यार्थी चढला तेव्हा पाच वाजायला थोडाच अवकाश होता. मग तिनं माझ्या डब्यातला उरलेला लिंबूभात खाल्ला, सगळा.

दुसऱ्या दिवशी किट्टू सार आले. आता बोलणी बसणार म्हणून मी खोलीतल्या तारा उगाच आवरत राहिले. त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली, श्राद्धाचे तिळाचे लाडू टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून म्हणाले, "तो मजकूर काढा पाहू. दोघं मिळून लिहू."

"माझंच चुकलं," मी म्हटलं.

"ते उगे राहू द्या ओ. आधी 'नाही' लिहा."

"पहिल्याच ओळीत?"

"पहिल्याच. 'नाही' कळलं की माणूस पुढच्या उद्योगाला लागतो. मग कुणाला विचारायचं ते लिहा, नावानिशी. काय दाबायचं ते लिहा. आणि मी पिंडांवर बसलेला असलो तर कुणाकडं जायचं, तेही लिहा."

मग आम्ही असं लिहिलं: "हा फोल्डर तुम्हाला उघडता येणार नाही. तो कृष्णाराव ह्यांच्याकडे आहे. खालचं बटण दाबा आणि कशाला हवा, किती वेळ हवा, ते लिहा. अर्ध्या तासात उत्तर आलं नाही, तर जिन्याखालच्या खोलीत गोदाबाईंना भेटा." त्याच दिवशी प्रत्येक फोल्डरला दुसरा मालकही नेमला, पहिला नसेल तेव्हासाठी.

मग मेलचा पूर आला. किट्टू सार निवृत्त होईपर्यंत एकेका मेलला उत्तर देत राहिले. कुणाला 'हो', कुणाला 'नाही'. ज्यांना 'नाही' म्हणत, त्यांच्या टेबलापाशी स्वतः जाऊन कारण सांगून येत. पदार्थविज्ञानाच्या प्रमुखांपाशी तर प्रिन्सिपलच्या वतीनं दोनदा जाऊन आले. जिन्याखालच्या माझ्या खोलीत माणसं येऊ लागली, आणि फोल्डर उघडो न उघडो, बसून बोलून जाऊ लागली. माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली वर्षं तीच. अशा माणसाला मी इतकी वर्षं टाळत आले होते ह्याची रुखरुख मात्र आहे. त्याच्याकडून आणखी किती शिकता आलं असतं.

कविता पुढं कायम झाली. किट्टू सारांनंतर परीक्षा विभाग फिरत फिरत तिच्याकडे आला.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मला त्या पहिल्या मजकुराचे नेमके शब्द हवे होते. त्याची एक प्रत मी परीक्षेच्या फोल्डरात ठेवून दिली होती, कारण त्याहून सुरक्षित जागा सगळ्या कॉलेजात नाही. म्हणून गेल्या महिन्यात कॉलेजात गेले. पाहुण्यांच्या संगणकावर बसले, आणि आधी, खोटं कशाला बोलू, माझा जुना पासवर्ड घालून पाहिला. चालला नाही. मग सरळ फोल्डर उघडायला गेले. पडद्यावर आलं, हा फोल्डर तुम्हाला उघडता येणार नाही. तो कविता ह्यांच्याकडे आहे. शेवटच्या ओळीत माझं नाव नव्हतं, जिन्याखाली आता बसणाऱ्या नव्या माणसाचं होतं. बरोबरच आहे, पण क्षणभर त्या ओळीवरून नजर हलली नाही. मग मी बटण दाबलं आणि चौकटीत नुसतं माझं नाव लिहिलं.

पाच मिनिटांत कविता स्वतः जिना उतरून आली. केस कानापाशी पिकलेत आता.

"अम्मा, कशाला हवं? किती वेळ?"

मी सांगितलं.

"नाही अम्मा," ती म्हणाली. "परीक्षेचा फोल्डर आहे. तुम्ही आता स्टाफमध्ये नाही."

"अगं, हे सगळं मीच बसवलंय."

"ठाऊक आहे. जेवलात का?"

"तू उघड, तू वाच आणि मला नुसतं सांग."

"तेही नाही. चला, कॉफी घेऊ."

कॉफी फार चांगली होती. दोन वेळा घेतली. तो पहिला मजकूर मात्र इथं मी आठवणीनं दिला आहे. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल असं कुणाला वाटलं, तर त्यांनी परीक्षा विभागात कविताला विचारावं. ती नाही म्हणेल.